अक्कांचं तेलुगू

एप्रिलातली दुपार, दीड वाजलेला. या वेळेला सोलापुरात रस्त्यावर दिसणारा माणूस एक तर मंगळसूत्र घरी विसरलेला नवरदेव असतो, नाहीतर वीजबिलाची शेवटची तारीख गाठणारा. मी दोन्ही नसल्यामुळे खिडकीला ओला टॉवेल (सोलापुरीच, दुसरा कुठला) लावून आडवा पडलो होतो. शेजारी अक्कांकडे वरंगलचे पाहुणे आलेले. मधली भिंत सामायिक, त्यामुळे पलीकडचं ऐकणं आमच्यात गुन्हा धरत नाहीत. अक्का तेलुगूत काहीतरी म्हणाल्या आणि पाहुण्यांत हशा पिकला.

थोड्या वेळाने त्या बर्फ मागायला आल्या. तोंड उतरलेलं.

"आमचं तेलुगू तेलुगूच नाही म्हणायलेत बघ. प्रत्येक वाक्याच्या शेवटी 'की' कशाला लावतेस म्हणे."

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"म्हटलं, लागतंय की!"

अक्कांचे आजेसासरे मागावर बसायला तेलंगणातून इथे पूर्व भागात आले. म्हणजे फार तर चार पिढ्या झाल्या. तेवढ्यात भाषेला शेपूट फुटलं.

मला हसू आलं नाही, कारण हे मी भोगलंय. सुट्टीत पुण्याचा आतेभाऊ यायचा. रात्री गच्चीवर अंथरुणं पडायची, मागच्या गल्लीत यंत्रमाग खटखटत असायचे, आणि हा माझ्या कानाशी येऊन, "परत म्हण ना, काय करायलास बे." मी म्हणायचो, तो लोळायचा. एकदा ऐन वेळी वीज गेली. सगळे माग एका दमात थांबले आणि त्या शांततेत त्याचं हसणं तेवढं गल्लीभर ऐकू गेलं. मी चादर डोक्यावरून ओढून घेतली. आजही त्याचा फोन आला की मी पहिली दोन मिनिटं पुस्तकी बोलतो.

चिंपांझी आणि बोनोबो यांचं असंच काहीसं झालं. मध्ये काँगो नदी, आणि पोहण्याच्या बाबतीत दोघांचाही आनंद. नदीच्या उत्तरेला राहिले ते चिंपांझी, दक्षिणेला राहिले ते बोनोबो. दहा-वीस लाख वर्षं येणंजाणं जवळपास बंद, सोयरीक बंद. चिंपांझींत नरांची दादागिरी टिकली, बोनोबोंत बायकांचं राज्य आलं. पण या सगळ्या काळात एकाही आईने पोराकडे बघून "अगंबाई, हे वेगळ्याच जातीचं निघालं" असं म्हटलं नसणार. प्रत्येक पोर आईसारखंच होतं.

जात हा शब्द मी मुद्दाम वापरतोय. हल्ली वर्तमानपत्रं 'प्रजाती' लिहितात. आमच्या जीवशास्त्राच्या पुस्तकात 'जाती' होतं, आणि प्रजाती ही तिच्या वरची पायरी. नववीत सरांनी फळ्यावर व्याख्या लिहिली: ज्यांच्यात आपसांत संकर होऊन प्रजननक्षम संतती होते, ती एक जात. 'संकर' शब्दालाच निम्मा वर्ग खिदळला. मागच्या बाकावरून माझ्या मित्राने हात वर केला.

"सर, मग माणसांत एकच जात?"

सरांनी खडू ठेवला, हात झटकले, एकदा दाराकडे पाहिलं.

"वहीत लिही," म्हणाले. "घरी वाचून दाखवू नको."

त्या व्याख्येला पुढे निअँडरथलने भोक पाडलं. १८५६ मध्ये जर्मनीत ड्युसेलडॉर्फजवळ चुनखडीच्या खाणीत त्याची हाडं निघाली, तेव्हा ती अस्वलाची वाटली होती. फुलरॉट नावाच्या शाळामास्तराने ओळखलं की हा माणूस आहे, पण आपल्यासारखा नाही. एका विद्वानाने तर हा मुडदूस झालेला रशियाकडचा घोडेस्वार, असंही ठरवून टाकलं. शेवटी स्वतंत्र जात म्हणून त्याचं बारसं झालं. आणि २०१० मध्ये स्वांते पाबो यांच्या चमूने जुन्या हाडांतला डीएनए वाचला, तर आफ्रिकेबाहेरच्या माणसांत एक-दोन टक्के तोच! म्हणजे संकर झाला होता, संतती झाली होती, तिलाही संतती झाली होती. पाबोंना २०२२ चं नोबेल मिळालं. व्याख्या अजून पुस्तकात आहे.

हे निअँडरथल सुमारे ४०,००० वर्षांपूर्वी संपले. भाऊबंदच ते, पण वाटणी बघा. कोविडमध्ये प्रकृती गंभीर व्हायचा धोका वाढवणारा एक डीएनएचा तुकडा त्यांच्याकडून आलाय, असं २०२० मध्ये उघड झालं, आणि दक्षिण आशियात तो साधारण निम्म्या लोकांकडे आहे. चुलत्याने शेत काही ठेवलं नाही, सातबाऱ्यावर बोजा तेवढा चढवून गेला.

पण मला खरी आठवण येते ती डेनीची. सायबेरियातल्या डेनिसोवा गुहेत हाडाचा दोनेक सेंटिमीटरचा तुकडा सापडला होता. २०१८ मध्ये कळलं की तो एका मुलीचा, वय तेराच्या पुढे, काळ सुमारे ९०,००० वर्षांपूर्वीचा. आई निअँडरथल, बाप डेनिसोवन, म्हणजे याच गुहेवरून नाव पडलेल्या दुसऱ्या एका नामशेष मानवशाखेतला. शास्त्रज्ञ हरखून गेले. माझ्या डोळ्यांपुढे मात्र तिच्या दोन्हीकडच्या आज्या येतात. बाळ बघायला कोण आली असेल, कोण गुहेत तोंड फिरवून बसली असेल?

मागच्या बाकावरच्या मित्राने रजिस्टर लग्न केलं. दोन्हीकडचं कोणी आलं नाही. त्या लग्नाला तीन साक्षीदार लागतात. दोन मिळाले होते, तिसरा मी. सह्या झाल्यावर आम्ही पाच जण बाहेर उसाच्या रसाच्या गाड्यावर उभे राहिलो. ती पदराने घाम पुसत होती. याने ग्लास खाली ठेवला आणि मला विचारलं, "सरांनी लिहून घेतलेलं ते तुझ्या वहीत आहे का रे अजून?"

नव्हतं. दहावी झाल्याबरोबर आईने सगळ्या वह्या रद्दीला घातल्या होत्या.