क्रूझचं भाडं, दाजींचं पॅकेज आणि आक्कांची पाण्याची बाटली

क्रूझच्या जाहिरातीतला आकडा माणशी असतो, आणि तोही खोलीत दोघं राहणार असं धरून. भुसावळला मी लोकांची इन्कम टॅक्स आणि जीएसटीची रिटर्नं भरून देते. आकड्याशेजारी फुली दिसली की खाली बारीक अक्षरांत काय लिहिलंय ते आधी वाचायचं, ही सवय धंद्यातूनच लागलेली. आमच्या एजंटनं व्हॉट्सॲपवर पाठवलेल्या कोटेशनमध्ये तीन फुल्या होत्या. पहिली पोर्ट चार्जेसची, दुसरी ग्रॅच्युइटीची (बोटीवर काम करणाऱ्यांची टिप, बिलातच लावलेली), तिसरी टॅक्सची. बाकी सगळं 'इन्क्लुडेड'.

मंडळी चार: मी, हे, नणंदबाई (आम्ही त्यांना आक्का म्हणतो) आणि त्यांचे यजमान, म्हणजे सगळ्या घराचे दाजी. दाजी चोपड्याचे, केळीचे शेतकरी. त्यांची कांदेबाग (केळीच्याच लागवडीचा एक हंगाम) लावून झाली होती, ह्यांची रेल्वेची पेन्शन सुरू झाली होती. मग २०२५ च्या जानेवारीत सिंगापूरहून निघून मलेशियातलं पेनांग, थायलंडमधलं फुकेत करून परत सिंगापूरला येणारी चार रात्रींची क्रूझ ठरली. दाजींना खरं तर डिसेंबर हवा होता. पण सिंगापूरच्या शाळांना नोव्हेंबरच्या मध्यापासून डिसेंबरअखेर सुट्टी असते आणि तेव्हा तिथलीच माणसं बोटी भरून टाकतात. त्याच खोलीचं डिसेंबरचं आणि जानेवारीचं भाडं शेजारी शेजारी मांडून दाखवलं, तेव्हा दाजी गप्प झाले.

भाड्याचं गणित विमानासारखंच, मागणीप्रमाणे हलणारं. सगळ्यात स्वस्त ती बिनखिडकीची आतली खोली, मग खिडकीची, मग बाल्कनीची. त्याच खोलीत तिसरा-चौथा माणूस घातला तर त्याचं भाडं बरंच कमी. पण एकटा माणूस गेला तर पुष्कळदा दोघांचं भाडं भरावं लागतं. आमच्या शेजारच्या निवृत्त बाईंना एकटीनं यायचं होतं, त्या ह्याच कारणानं राहिल्या. मला हे अन्यायाचं वाटतं. बाई एकटी जेवणार, एकटी झोपणार, आणि पैसे दोघांचे देणार.

अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या कायद्यामुळे १ जुलै २०२४ पासून क्रूझवाल्यांना सक्तीच्या फी धरूनच भाडं जाहीर करावं लागतं. आपल्याकडे एजंटला स्वतःहून विचारावं लागतं. मी विचारलं, तर तो म्हणाला, "मॅडम, ते सगळ्यांनाच लागतं." सगळ्यांनाच लागतं, तर लिहायला काय झालं होतं?

टीसीएसचा, म्हणजे टूर विकतानाच गिऱ्हाइकाकडून आगाऊ घेतल्या जाणाऱ्या कराचा, भाग मात्र मी त्यालाच समजावला. परदेशी टूर पॅकेजवर आम्ही गेलो तेव्हा सुरुवातीला ५ टक्के टीसीएस कापला जायचा आणि वर्षाला ७ लाखांच्या पुढे २० टक्के. हा काही बुडीत खर्च नाही. तुमच्या पॅनवर जमा होतो, २६एएसमध्ये (जमा कराच्या उताऱ्यात) दिसतो आणि रिटर्न भरताना वळता करता येतो किंवा परत मिळतो. फक्त ज्याच्या पॅनवर कापायचा तो नीट ठरवा. आमच्या एजंटनं चौघांचं बुकिंग दाजींच्या नावावर टाकायचं ठरवलं होतं. दाजींचं उत्पन्न शेतीचं, ते रिटर्न भरतच नाहीत. मी ते बदलून माझ्या पॅनवर घेतलं.

आणि सिंगापूरचा व्हिसा. क्रूझला निघालात की तुम्ही सिंगापूर सोडलंत, परत उतरलात की ती दुसरी एंट्री. म्हणून मल्टिपल एंट्री आहे ना, हे पाहून घ्यायचं. मलेशिया आणि थायलंडला तेव्हा आपल्याला व्हिसा लागत नव्हता.

आता पिण्याचं. ह्या विषयावर आमच्या घरात जेवढी चर्चा झाली तेवढी धाकट्याच्या लग्नाच्या वेळीही झाली नव्हती.

दाजींना कुणीतरी सांगितलं होतं की पॅकेज घेतलं की हवं तेवढं प्या. खरं आहे. पण आमच्या बोटीचा नियम असा, आणि बऱ्याच कंपन्यांचा असाच असतो, की एका खोलीतल्या एका मोठ्या माणसानं दारूचं पॅकेज घेतलं तर दुसऱ्यानंही घ्यायचं. शिवाय चारही दिवसांचं घ्यायचं, मधला एखादा दिवस वगळता येत नाही. कारण उघड आहे: एकाच्या कार्डावर दोघं पितील ही त्यांना भीती. पण आक्का गुरुवार करतात, चहासुद्धा बिनसाखरेचा घेतात. त्यांच्या नावावर रोज दारूचं पॅकेज?

दाजींनी तोड काढली. दोघे पुरुष एका खोलीत, आम्ही दोघी दुसऱ्या खोलीत. एजंट म्हणाला, असं करतात लोक, नियमात बसतं. ह्यांचा चेहरा पाहण्यासारखा झाला, कारण दाजींचं घोरणं चोपडा तालुक्यात प्रसिद्ध आहे. शेवटी मी पाटी-पेन्सिल घेतली. पॅकेज रोज ७० डॉलर, वर १८ टक्के सर्व्हिस चार्ज, म्हणजे ८२ डॉलर ६० सेंट. बिअर ८ डॉलर, तिच्यावरही १८ टक्के, म्हणजे ९ डॉलर ४४ सेंट. पॅकेज वसूल व्हायचं तर रोज जवळजवळ नऊ बिअर. चारही दिवस. त्यात दोन दिवस आपण अर्धा वेळ बंदरावर फिरत असणार.

"दाजी, नऊ होतील?"

दाजींनी आक्कांकडे पाहिलं. पॅकेज रद्द झालं, खोल्या होत्या तशा राहिल्या. सुटी बिअर घेऊन दाजींचा संपूर्ण प्रवासाचा खर्च पॅकेजच्या एका दिवसाच्या आत बसला. बायकोदेखत बिअरचा पेला किती लवकर संपवता येतो ह्यालाही मर्यादा असते, ती कंपनीच्या हिशेबात धरलेली नसावी. ज्याला रोज कॉकटेलं, कॉफी, ताजे रस सगळंच हवं, त्याला पॅकेज परवडत असेल. आमच्यासारख्यांना नाही.

आक्कांचं प्रकरण वेगळंच. पहिल्या संध्याकाळी खोलीत ठेवलेली पाण्याची बाटली त्यांनी उघडली. बाटलीच्या गळ्यात किमतीची चिठ्ठी होती. दुसऱ्या दिवशी ती रक्कम आमच्या खात्यावर चढलेली दिसली. "पानीले बी पैसा? आग लागो या जहाजले!" बोटीवर रोख चालत नाही, खोलीचं कार्डच सगळीकडे दाखवायचं आणि बिल डॉलरमध्ये चढत राहतं. बुफेमधल्या मशिनीचं पाणी, साधा चहा, साधी कॉफी फुकट. त्यानंतर आक्का घरची स्टीलची बाटली घेऊन दिवसातून चारदा चौदाव्या मजल्यावर बुफेत जायच्या आणि भरून आणायच्या. तिथला एक कर्मचारी त्यांना पाहिलं की स्वतःच हात पुढे करायचा.

दारूच्या बाबतीत हद्दीचा खेळ आम्हा खानदेशच्या लोकांना काही नवा नाही. नवापूर स्टेशन अर्धं महाराष्ट्रात, अर्धं गुजरातमध्ये आहे. एकाच बाकाचा एक भाग दारूबंदीच्या राज्यात आणि दुसरा नाही. बोटीवर तसंच. बंदरात उभी असताना कसिनो आणि ड्यूटी फ्री दुकानं बंद, किनारा मागे पडला की दिवे लागतात. हे हसून म्हणाले, "नवापूर गेलं वाटतं."

दाजींनी फुकेतला एक बाटली विकत घेतली. बोटीवर परत चढताना सामान स्कॅनरमधून जातं, तिथे ती काढून घेतली आणि हातात पावती दिली. दाजींना वाटलं, गेली. गेली नाही. शेवटच्या रात्री खोलीवर आणून देतात. प्रवासात आपली बाटली पिऊन त्यांचा बार बुडू नये एवढाच हेतू. पण सिंगापूरच्या कस्टम्सचं पाहून ठेवा. तिथे दारूची ड्यूटी फ्री सवलत मिळायला सिंगापूरबाहेर निदान ४८ तास काढलेले हवेत आणि मलेशियातून आलेल्याला ती मिळत नाही. आमचं शेवटचं बंदर थायलंडचं होतं म्हणून जमलं. भारतात येताना माणशी २ लिटरची मुभा.

बंदरांवर येते. पेनांगला बोट स्वेटनहॅम पिअरला लागते, अगदी जॉर्ज टाउनच्या दारात. जॉर्ज टाउन २००८ पासून जागतिक वारसा यादीत आहे आणि जुना भाग पायी फिरण्याजोगा आहे. बोटीच्या टूरचे दर आदल्या रात्री टीव्हीवर पाहिले आणि टीव्ही बंद केला. चालत दहा-पंधरा मिनिटांत लिटल इंडिया. तमिळ गाणी, झेंडूचे हार, केळीच्या पानावर जेवण. क्वीन स्ट्रीटवरचं महामारिअम्मन मंदिर १८३३ चं, पेनांगमधलं सगळ्यात जुनं हिंदू देऊळ. आक्का तिथे बराच वेळ बसल्या. शहरात फुकट फिरणारी सीएटी बस आहे, तिच्यात बसून आम्ही एक फेरी मारली.

दाजी मात्र बाजारात एका फळवालीपाशी अडकले. तिच्याकडे केळ्यांच्या चार-पाच जाती होत्या, बुटक्या, जाडसर, एक तर लालसर. दाजींनी फणी उचलून देठ पाहिला, सालीवर नख लावलं, भाव विचारला, रुपयांत केला, मग जळगावचा त्या आठवड्याचा भाव आठवून मान हलवली. तिला मराठी येत नव्हतं आणि ह्यांना मलय, तरी दोघांचं बरंच बोलणं झालं. तळलेली केळी तिथे 'पिसांग गोरेंग' म्हणून विकतात, ती खाऊन दाजी म्हणाले की हे चोपड्याच्या बसस्टँडवर चालेल. चौघांचं सगळं मिळून जेवढा खर्च झाला तेवढ्यात बोटीच्या टूरचं एकाचंही तिकीट आलं नसतं.

फुकेत वेगळं. आमची बोट पाटोंगच्या खाडीत नांगर टाकून उभी, धक्का नाही. छोट्या बोटीनं किनाऱ्यावर जायचं, तिला टेंडर म्हणतात. बोटीची टूर घेतलेल्यांना आधी सोडतात, बाकीचे नंबर घेऊन बसतात. जुनं शहर पाटोंगपासून डोंगर ओलांडून आहे आणि रस्त्यावर गर्दी. त्यात थायलंडचं घड्याळ सिंगापूरच्या एक तास मागे. आमच्या बोटीनं आपलं घड्याळ बदललं नाही, पण आमच्या फोननी गुपचूप बदललं. म्हणजे फोनवर चार वाजलेले असताना बोटीवर पाच. हे रेल्वेत गार्ड होते (२०२२ पासून त्या पदाला ट्रेन मॅनेजर म्हणतात, हे स्वतःला गार्डच म्हणवतात). ह्यांनी मनगटावरच्या एचएमटीला बोटीची वेळ लावली आणि आमचे तिन्ही फोन पर्समध्ये टाकायला लावले.

ते बरंच झालं. आदल्या संध्याकाळी पेनांगला आम्ही डेकवर उभे असताना दोन प्रवाशांची नावं पुन्हा पुन्हा पुकारली जात होती. मग शिडी आत घेतली आणि बोट सुटली. बोटीच्या टूरवर असलात आणि बसला उशीर झाला तर बोट थांबते. स्वतःचे स्वतः गेलेले असाल तर थांबत नाही. पुढच्या बंदरापर्यंत आपल्या खर्चानं या.

म्हणून फुकेतला आम्ही बोटीची टूर घेतली. वेळेची काळजी मिटली, पण टूर काही खास नव्हती. 'वाट चालोंग' हे बौद्ध मंदिर छान दाखवलं. मग बस एका रत्नांच्या शोरूमपुढे उभी राहिली आणि तिथे चाळीस मिनिटं गेली. त्यानंतर काजूचं दुकान. ज्या जुन्या शहरासाठी मी पैसे भरले होते, ती रंगीत चिनी-पोर्तुगीज धाटणीची घरं, त्यांना जेमतेम अर्धा तास. तक्रारीच्या फॉर्मवर मी मिनिटांसकट लिहून दिलं. उत्तर आलं, आभार मानणारं.

शेवटच्या सकाळी बिल आलं. ग्रॅच्युइटी माणशी रोज १८ डॉलर. अनेक कंपन्यांचा दर १६ ते २० च्या दरम्यान असतो. चौघं, चार रात्री: २८८ डॉलर, तेव्हाच्या भावानं पंचवीस हजारांच्या आसपास. वर बँकेचं परकीय चलनाचं मार्कअप आणि त्यावर जीएसटी. दाजींनी ऐकलं होतं की काउंटरवर जाऊन सांगितलं तर ग्रॅच्युइटी काढून टाकतात. बऱ्याच बोटींवर काढतात, खरं आहे. मी जाऊ दिलं नाही. आक्कांच्या बाटलीसाठी हात पुढे करणारा तो मुलगा ह्याच पैशांतून काहीतरी घेणार. हा खर्च आधी भाड्यात का धरत नाहीत, हे भांडण कंपनीशी आहे, त्याच्याशी नाही. दाजी कुरकुरले, पण आक्का माझ्या बाजूनं उभ्या राहिल्यावर विषय संपला.

सगळं धरून माणशी खर्च जाहिरातीतल्या आकड्याच्या दीडपटीला थोडा कमी पडला. विमान वेगळं.

आता दाजींना मुंबईहून लक्षद्वीपला जाणारी बोट खुणावते आहे. व्हिसाची भानगड नाही, टीसीएस नाही. बंगाराम सोडून त्या बेटांवर दारूबंदी आहे हे मी त्यांना सांगितलं, तर म्हणाले, "बोटीवर नाही ना?" एजंटला मी लिहिलंय: पोर्ट चार्जेस, ग्रॅच्युइटी आणि जीएसटी धरून चौघांची एकच रक्कम पाठव, फुली नको. दोन निळ्या टिका दिसताहेत. अजून उत्तर नाही.