मगरीच्या गोतावळ्यातला एक काल्पनिक प्राणी

सोयाबीनची सवंगणी आटोपल्यामुळे आजचा दिवस ओसरीवर बसून एका काल्पनिक प्राण्याची रेखाटने करण्यात गेला. मगरीला पंख चिकटवले की अद्भुत प्राणी तयार झाला, ही पद्धत मला फार आळशी वाटते. कारण ट्रायासिक काळात (सुमारे २५ ते २० कोटी वर्षांपूर्वी) मगरीच्याच गोतावळ्यातील पोपोसॉरस दोन पायांवर चालत असे आणि एफिजियाला दातांऐवजी चोच होती. प्राणहिता-गोदावरीच्या खोऱ्यात ज्याचे जीवाश्म सापडले त्या पॅरासुकसचा जबडा मगरीसारखाच लांब होता, पण नाकपुड्या तोंडाच्या टोकाला नसून थेट डोळ्यांजवळ होत्या. ही मांडणी मी जशीच्या तशी उचलली, म्हणजे माझा प्राणी अख्खा जबडा पाण्यात बुडवूनही श्वास घेऊ शकेल.

लांब पुढचे पाय मात्र आपल्या चंद्रपूर जिल्ह्यातील डोंगरगावच्या आयसीसॉरस या डायनासोरचे घेतले.

पंजासाठी अंगणातल्या कोंबड्याला दाण्यांची लाच देऊन जवळ बसवले (तो दाणे संपेपर्यंतच प्रामाणिक राहिला). त्याच्या नडगीवर पुढच्या बाजूने कौलांसारखे एकाखाली एक बसलेले रुंद खवले आहेत, तर तळव्याला बारीक दाणेदार कातडी आहे. मगर आणि पक्षी यांच्या शाखा सुमारे २५ कोटी वर्षांपूर्वी एकाच पूर्वजापासून फुटल्या असल्याने हा पंजा मगरीच्या धडाला उपरा वाटत नाही. पाठीवरच्या हाडांच्या तकटांची रांग तेवढी अजून जमलेली नाही. घरच्या पोरांनी शिंगांचीही मागणी केली आहे. ती तूर्तास नामंजूर.