एम.कॉम.चं ओजेटी आणि न जुळणारी बिलं

नव्या शैक्षणिक धोरणाबरोबर आमच्या एम.कॉम.ला पहिल्या वर्षात ओजेटी (ऑन-जॉब ट्रेनिंग) आलं. ४ क्रेडिट, म्हणजे १२० तास प्रत्यक्ष काम. पत्रं, लॉगबुक, सह्या हे सगळं रडतखडत का होईना, पार पडलं. सदाशिव पेठेतल्या सीए ऑफिसांत नि भोसरी एमआयडीसीतल्या छोट्या कारखान्यांत मुलं लागली.

मग एका सीएंचा फोन आला. "मॅडम, पोरं हुशार आहेत हो. पण टू-बी जुळवायला दिलं की विचारतात, उत्तर किती यायला हवं?"

टू-बी म्हणजे सप्लायरांनी दाखवलेल्या बिलांवरून जीएसटी पोर्टलवर खरेदीदारासाठी तयार होणारी यादी. बरोबरच होतं त्यांचं. आमच्या गणितात ताळेबंद जुळतोच. नाही जुळला तर मुलाचं चुकलं. ऑफिसात उलटं. सप्लायरनं ११ तारखेपर्यंत जीएसटीआर-१ (विक्रीचं विवरणपत्र) भरलं की १४ला खरेदीदाराचं टू-बी तयार होतं. ते खरेदी रजिस्टरशी ताडायचं. १ जानेवारी २०२२पासून टू-बीत न दिसणाऱ्या बिलावरच्या जीएसटीचं क्रेडिट, म्हणजे आपल्या करातून वजावट, घेता येत नाही. म्हणजे २०च्या आत, थ्री-बी (कर भरायचं महिन्याचं विवरणपत्र) भरण्याआधी, कुणीतरी सप्लायरच्या मागे लागायला हवं. हे 'मागे लागणं' कुठल्या पेपरात आहे?

अभ्यासक्रम बदलणं माझ्या हातात नाही, पण अंतर्गत गुणांची परीक्षा कशी घ्यायची हे आमच्याकडे विभागात ठरतं. त्याच सीएंकडून जुनं रजिस्टर मागितलं, नावं-नंबर बदलले आणि मुलांना दिलं. एकाच बिलाचा नंबर एकीकडे '१०२', दुसरीकडे '१०२/२३-२४'. दोन बिलं गायब. उत्तराला गुण नाहीत. काय जुळत नाही, का, आणि सप्लायरला मेल, यांना गुण.

पहिले मेल वाचून हसावं की रडावं कळेना. एकानं पानभर सविनय विनंती केली होती. बिल नंबर कुठेच नाही! सहकाऱ्यांचा आक्षेप होता की ही कारकुनी आहे, एम.कॉम. नव्हे. मला तो पटत नाही. जीएसटी कायद्यातलं क्रेडिटचं कलम १६ मुलांना त्या दोन गायब बिलांमुळेच नीट कळलं.

पुढच्या बॅचची एक मुलगी भोसरीतून फोन करत होती. सप्लायर म्हणाला, "उद्या बघतो." तिनं विचारलं, "उद्या किती वाजता?"

आता भांडण वेळापत्रकाशी आहे. आमचं ओजेटी नेमकं मार्चएन्डला येतं आणि सीए म्हणतात, तेव्हा काम भरपूर, पण शिकवायला आमच्याकडे माणूस नाही. जानेवारीतच सुरू करू द्या, असा अर्ज दिलाय.