खुर्चीत बसल्यावर आधी सांगायचे ते

सलूनमध्ये ठरल्या वेळी पोहोचावे, जमणार नसेल तर आदल्या दिवशीच कळवावे, हे बहुतेकांना ठाऊक असते. केसांवर पूर्वी काय काय केले आहे ते न लपवता सांगणे हाही शिष्टाचाराचाच भाग आहे, हे मात्र मला उशिरा कळले.

एकदा केसांचा रंग उजळ करून घ्यायला गेले असताना, घरी लावलेल्या काळ्या मेंदीविषयी मी संकोचाने काहीच बोलले नाही. केस कापणाऱ्या ताईंनी सावधगिरी म्हणून आधी एकाच बटेला ब्लीच लावून पाहिले. ती बट बघता बघता गरम झाली आणि धुताना तुटून हातात आली. काही तयार मेंद्यांमध्ये धातूंचे क्षार असतात आणि ब्लीचमधील हायड्रोजन पेरॉक्साइडशी त्यांचा संयोग झाला की उष्णता निर्माण होते, हे त्यांनी न रागावता समजावले. त्या दिवशी संपूर्ण डोके वाचले ते त्यांच्या दक्षतेमुळे, माझ्यामुळे नव्हे. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतात, म्हणजे तीस सेंटिमीटर लांब केसांच्या टोकाशी सुमारे अडीच वर्षांपूर्वीचा रंग किंवा स्मूदनिंग (केस रसायनाने सरळ, मऊ करणे) अजूनही असू शकते. म्हणून ‘हल्ली काही केलेले नाही’ हे उत्तर पुरेसे नसते. पूर्वी डायमुळे टाळूला खाज किंवा सूज आली असेल, तर तेही सांगावे आणि रंग लावण्याच्या ४८ तास आधीची पॅच टेस्ट, म्हणजे त्वचेवर थोडासा रंग लावून पाहण्याची चाचणी, कंटाळा न करता करून घ्यावी.

लांबीबद्दल बोलताना ‘थोडेसेच कापा’ असे मोघम न सांगता बोटाने नेमके दाखवावे, तेही शक्यतो कोरड्या केसांवर, कारण कुरळे केस ओले असताना लांब दिसतात आणि वाळल्यावर आखडतात. कापताना पायावर पाय टाकून बसल्यास खांदे तिरके होतात, मोबाइलमध्ये पाहिल्यास मान झुकते, आणि मग दोन्ही बाजू सारख्या येत नाहीत.

काम मनासारखे झाले नसेल, तर आरशासमोर हसून मान डोलवायची आणि बाहेर पडल्यावर चारचौघांत नावे ठेवायची, हे मला अन्यायाचे वाटते. खुर्चीत असतानाच शांतपणे सांगितले, तर बहुतेक वेळा कात्री पुन्हा हातात घेतली जाते.