बॅच ७ : १.०२० वर अडलेली बिअर हलली!

१.०४८ घनतेवरून (पाणी १.०००; यीस्ट साखर खाईल तसा आकडा उतरतो) निघालेली घरच्या बिअरची बॅच ७, विंडसर यीस्टची, सहाव्या दिवशी १.०२० वर जी बसली ती बसलीच, हे गेल्या वेळी लिहिलं होतं. आजचं रीडिंग १.०१२!

आधी नेहमीचे उपाय केले. बिअर आंबत ठेवलेला कॅन हळूच हलवून तळाचं यीस्ट वर आणलं. मासळीवालीकडून आणलेल्या थर्माकोलच्या खोक्यातून बर्फाच्या बाटल्या काढून १९ अंशांवरून २२ वर नेलं. घनता मोजणारा हायड्रोमीटर साध्या पाण्यात तपासला, तोही बरोबर. (थेंबभर द्रवावरून साखर मोजणाऱ्या रिफ्रॅक्टोमीटरवाल्यांनो, अल्कोहोल झाल्यावर तो आकडा फुगवून दाखवतो. गणित केल्याशिवाय विसंबू नका.)

मग दोन बाटल्यांत पाव-पाव लिटर बिअर काढली. एकीत आणखी विंडसर, दुसरीत यूएस-०५ हे दुसरं यीस्ट, आणि दोन्ही ओट्यावर उकाड्यात. सकाळी विंडसरवाली गप्प. दुसरीत काचेच्या कडेने बारीक बुडबुड्यांची माळ चढत होती, झाकण सैल करताच फुस्स! तीन दिवसांनी पहिली १.०२०, दुसरी १.०१२.

म्हणजे यीस्ट दमलं नव्हतं, त्याला खाता येईल ते संपलं होतं. वर्टमधलं, म्हणजे माल्टच्या गोड पाण्यातलं, ग्लुकोज आधी जातं, मग माल्टोज, शेवटी माल्टोट्रायोज, म्हणजे ग्लुकोजचे तीन मणी जोडलेली साखर. ती विंडसरला खाताच येत नाही. त्यात मॅश, म्हणजे माल्ट गरम पाण्यात भिजवून साखर काढणं, मी ६९ अंशांवर केला. तिथे स्टार्चमधून माल्टोज तोडणारं बीटा अमायलेज एन्झाइम लवकर मरतं, माल्टोज कमी बनतं आणि न आंबणारी डेक्स्ट्रिन्स वाढतात. यीस्ट चांगलंच आहे, जोडी मी चुकीची लावली.

कॅनमध्ये यूएस-०५ कोरडं टाकलं नाही. अल्कोहोल आहे, सोपी साखर नाही, अशा जागी ते उठायला वेळ लावतं. माल्ट एक्स्ट्रॅक्टच्या पाण्यात यीस्ट आधी जागवून स्टार्टर केला, फेस चढल्यावर ओतला, पाच दिवसांत काम झालं. १.०२० ला बाटल्या भरल्या असत्या आणि माल्टोट्रायोज खाणारं एखादं यीस्ट आत शिरलं असतं, तर बाटल्या फुटल्या असत्या.

पुढची बॅच पुन्हा विंडसर, मॅश ६५ वर, असं ठरलं होतं. पण हे लिहिता लिहिता वाटतंय, मे महिन्यात सकाळ-संध्याकाळ बर्फ बदलत कशाला बसायचं? व्हॉस क्वाइक या नॉर्वेच्या यीस्टला ३५ ते ४० अंशच मानवतात. बॅच ८ व्हॉसची, विंडसर डिसेंबरात. फ्रीझरही घरच्यांना परत मिळेल.

तीन दिवस रीडिंग हललं नाही तर रविवारी बाटल्या भरतो. मुंबईच्या उन्हाळ्यात व्हॉस कुणी वापरलं असेल तर २० लिटरला किती टाकलंत, तेवढं सांगा.