तुम्ही विचारलंत म्हणून: जुन्या टीव्हीतलं ब्रोमीन

“मॅडम, जुन्या टीव्हीच्या प्लास्टिकात जहर असते म्हन्तात. मंग आमाले काहून काई होत नाई?”

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावात मी रसायनशास्त्र शिकवते. पालकसभेत, आठवडी बाजारात, एसटीत हा प्रश्न मला विचारला जातो, आणि तो रास्त आहे. आपल्याकडे विष म्हटलं की फवारणी आठवते. 2017 साली याच जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर गेले. ते विष माणसाला त्याच दिवशी दवाखान्यात नेतं. टीव्हीतल्या ब्रोमीनच्या रसायनांनी असं कोणी कोसळत नाही. ती अंगातल्या चरबीत साठतात, थायरॉईडच्या कामात अडथळा आणतात, आणि सगळ्यात जास्त भीती असते ती वाढत्या मेंदूला.

प्लास्टिक लवकर पेटू नये म्हणून ही रसायनं घालतात. जुन्या डब्बा टीव्हीच्या मागच्या कव्हरात बरेचदा डेकाबीडीई नावाचं ब्रोमीनचं रसायन असायचं, 100 ग्रॅम प्लास्टिकमागे 10 ते 15 ग्रॅम. ते नुसतं मिसळलेलं असतं, प्लास्टिकला बांधलेलं नसतं. म्हणून वर्षानुवर्षं थोडं थोडं सुटतं आणि घरातल्या धुळीत उतरतं.

आता त्या धुळीत कोण असतं ते बघा. टीव्हीखालच्या फरशीवर लेकरू रांगतंय. बोटं लाळेने ओली, त्यांना धूळ चिकटते, बोटं परत तोंडात. तुमचं वजन साठ किलो, त्याचं आठ-दहा. धोक्याचा हिशोब मांडायचा तो या लेकरापासून.

तो कसा मांडतात तेही सांगते. दहा दिवसांच्या उंदराच्या पिल्लांना एकदाच मात्रा दिली आणि मोठेपणी त्यांचं वागणं तपासलं. डेकाबीडीईच्याच घराण्यातल्या बीडीई-99 या रसायनासाठी, वागण्यात ठरावीक फरक पडायला लागतो ती मात्रा, सावधगिरीने खालची धरून, वजनाच्या किलोमागे 290 मायक्रोग्रॅम (मायक्रोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा दहा लाखावा भाग) निघाली. उंदीर आणि माणूस वेगळे म्हणून तिला 10 ने भागायचं, माणसामाणसात फरक म्हणून परत 10 ने, आणि अभ्यास अपुरे म्हणून आणखी 30 ने. 3000 ने भागल्यावर उरतं दिवसाला किलोमागे 0.1 मायक्रोग्रॅम. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने 2008 मध्ये हीच मर्यादा धरली. डेकाबीडीईसाठी मात्र 7. म्हणजे दहा किलोच्या लेकराला एकाचं 1 मायक्रोग्रॅम, दुसऱ्याचं 70. म्हणून “ब्रोमीन वाईट” एवढं बोलून भागत नाही, कोणतं आणि किती ते विचारावं लागतं. त्यातही डेकाबीडीई उन्हात तुटून त्याच घराण्यातली लहान, जास्त त्रासदायक रसायनं तयार होतात, त्यामुळे त्या 70 च्या आकड्यावर मी निर्धास्त नाही.

गुरं पाळणाऱ्यांना मी मिशिगनची गोष्ट सांगते. अमेरिकेतल्या या राज्यात 1973 मध्ये गुरांच्या खाद्यात मॅग्नेशियम ऑक्साईडऐवजी पीबीबी, म्हणजे आग रोखणारंच एक ब्रोमीनचं रसायन, मिसळलं गेलं. दोन्ही मालांची नावं सारखी होती. गाई आटल्या, आजारी पडल्या, आणि कारण कळेपर्यंत दूध-मांस लाखो लोकांच्या पोटात गेलं होतं. सुमारे 30,000 गुरं मारावी लागली. त्या माणसांच्या रक्तात पीबीबी अनेक दशकांनंतरही सापडत राहिलं.

आपल्या गावात मला घरातल्या धुळीपेक्षा जाळण्याची काळजी जास्त वाटते. धूळ ओल्या फडक्याने पुसा, लेकराचे हात जेवणाआधी धुवा, बराच भार उतरतो. पण तांब्यासाठी नाल्याकाठी वायर आणि सर्किट बोर्ड पेटवले की डायॉक्सिन तयार होतात, मूळ रसायनांपेक्षा कितीतरी विषारी. राख मातीत बसते, मोकळ्या कोंबड्या ती माती टिपतात, आणि ते अंड्यात उतरतं. 2018 च्या नियमांनी भारतात ब्रोमीनच्या यातल्या काही रसायनांवर बंदी आली, पण माळ्यावर पडलेला टीव्ही बंदीने नाहीसा होत नाही. तो फोडू नका, अख्खाच नोंदणीकृत ई-कचरावाल्याकडे जाऊ द्या.

बाळंतिणी हळूच विचारतात, दुधातून जातं म्हणतात, मग अंगावर पाजू का? पाजाच. दुधात ते उतरतं हे खरं. स्वीडनमध्ये 1972 ते 1997 या काळात आईच्या दुधातलं डेकाबीडीईच्या घराण्यातल्या रसायनांचं प्रमाण दर पाचेक वर्षांनी दुप्पट होत गेलं होतं. तरीही आईच्या दुधाचा फायदा मोठा आहे, आणि पहिले सहा महिने फक्त तेच द्यायचं हा जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला कायम आहे. थांबवायचं असेल तर वायर पेटवणाऱ्याला थांबवा. तांबं सोलूनही निघतं.