नाना, शरद सीडलेस आणि अठरा ब्रिक्स

निफाडजवळच्या एका छोट्या दवाखान्यात मी डाएटिशियन आहे. मार्चमध्ये बागांची काढणी चालू असते, पेशंट फिरकत नाहीत, त्यामुळे त्या दिवशी भर दुपारी आमचे डायबेटिसचे पेशंट, द्राक्षबागायतदार नाना दारात दिसले तेव्हाच मला धस्स झालं. खिशात कात्री तशीच, ओठ सुकलेले, सारखं पाणी मागत होते. शुगर बघितली तर ३८६!

गोळ्या घेताय ना विचारलं तर म्हणे, "ताई, दीड महिना झाला सोडून. पुतण्याने मोबाईलवर दाखवलं, काळ्या द्राक्षात रेस्व्हेराट्रॉल असतं, हार्ट चांगलं राहतं, शुगर पण जाते. बाग घरचीच, रोज दोन ग्लास रस घेतो."

डॉक्टरांनी लघवीतले किटोन (इन्सुलिन फार कमी पडलं की शरीरात साठणारी आम्लं) बघितले, नशिबाने नव्हते. सलाईन लागलं, गोळ्या परत चालू केल्या आणि मग मी शेजारी बसले.

रेस्व्हेराट्रॉल हे नैसर्गिक द्रव्य द्राक्षाच्या सालीत असतं हे खरंच आहे, पण अगदी थोडं, आणि पोटात गेलेलं बहुतेक सगळं रक्तात पोचायच्या आधीच बदलून जातं. इटलीत कियांती भागात ७८३ वयस्कर लोकांच्या लघवीत त्याचे अंश मोजले, ९ वर्षं लक्ष ठेवलं, पण ज्यांच्यात ते जास्त होतं त्यांना हार्टचा त्रास कमी झाला असं काही दिसलं नाही. अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासात अख्खी द्राक्षं खाणाऱ्यांना पुढे डायबेटिस कमी झालेला दिसला, फळांचा रस पिणाऱ्यांना उलट थोडा जास्तच, आणि तेही ज्यांना आधी डायबेटिस नव्हता अशा लोकांत.

नाना मान हलवत होते पण पटलेलं दिसत नव्हतं. मग त्यांच्या बागेतल्या शरद सीडलेस या काळ्या द्राक्षांबद्दल विचारलं, "शरदचा माल किती ब्रिक्सला काढता?" ब्रिक्स म्हणजे रसाच्या गोडीचं माप, १०० ग्रॅम रसात साधारण किती ग्रॅम साखर ते.

"अठराच्या खाली कात्री लावत नाही."

"म्हणजे १०० ग्रॅम रसात?"

नाना गप्पच झाले. मी चहाच्या डब्यातली साखर काढून ग्लासात टाकत गेले, एक, दोन, करत १४ चमचे, जवळपास ७० ग्रॅम. रोजच्या दोन ग्लासांत एवढी जाते. ते नुसते त्या ग्लासाकडे बघत राहिले, ३० वर्षं मालाची शुगर मोजणारा माणूस, मला फार वाईट वाटलं.

आमच्यासाठी आणलेल्या पिशवीतला एक घड मी काट्यावर ठेवला, १०० ग्रॅमला २३ मणी भरले. शुगर खाली आल्यावर यातले अर्धे, जेवणानंतर लगेच नाही, गोळ्या चालू ठेवून, असं सांगितलं. नानांनी बारा मणी मोजून पिशवीत परत टाकले आणि विचारलं, "साल काढायची का ताई?"

म्हटलं, अजिबात नाही, जे चांगलं आहे ते तिथेच आहे.